टेकडी, डोंगर आणि पर्वत : लहान मुलांना फरक कसा सांगावा?

किती मीटर उंचीपर्यंत टेकडी म्हणावे, कुठून पुढे डोंगर म्हणावे आणि पाच वर्षांच्या मुलाला हे कसे समजवावे, असा प्रश्न आहे. माझ्या मते मुलांना मीटरचा आकडा सांगूच नये, कारण तसा सर्वमान्य आकडा भूगोलातही नाही. ब्रिटनमध्ये एके काळी १००० फुटांची सीमा मानण्याचा प्रघात होता. पुढे इंग्लंड-वेल्सच्या २००० सालच्या एका कायद्यासाठी समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंच असलेली जमीन पर्वतात धरली गेली. शिवाय मुलाला दिसतो तो पायथा, समुद्रसपाटी नव्हे. तिबेटचे पठार सरासरी ४५०० मीटरहून उंच आहे, पण तिथल्या सपाट भागात उभे राहणाऱ्याला आपण पर्वतावर आहोत असे वाटत नाही.

म्हणून आधी पायथा, उतार आणि माथा हे तीन शब्द द्यावेत. जिचा पायथा आणि माथा जवळूनही एका नजरेत मावतो ती टेकडी, आणि जो पूर्ण दिसण्यासाठी बरेच लांब जावे लागते तो डोंगर, एवढे त्या वयाला पुरते. (तसे लांब गेल्यावर तो साजराही दिसतो, हे म्हणीने सांगितलेच आहे.)

पर्वत म्हणजे फक्त मोठा डोंगर, असे मात्र सांगू नये. गुरे डोंगरावर चरतात; ती पर्वतावर चरतात असे बोलताना कोणी म्हणत नाही. पर्वत हा शब्द बहुधा अख्ख्या रांगेला लागतो. सह्याद्री हा पर्वत, त्यात असंख्य डोंगर आणि १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे त्याचे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर. यास्काच्या निरुक्त या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन संस्कृत ग्रंथात पर्वताची फोड ‘पर्वे असलेला’ अशी केली आहे. पर्व म्हणजे पेर किंवा सांधा. मुलाला मूठ वळायला सांगून वर आलेल्या सांध्यांची ओळ दाखवली, की रांग म्हणजे काय ते त्याला लगेच कळते.

यानंतर ‘डोंगर कोणी केला?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याला ‘जमिनीला घडी पडली’ हे सरसकट उत्तर देऊ नये. भूकवचाचे दोन प्रचंड तुकडे एकमेकांवर रेटले गेल्याने हिमालय वर आला, हे खरे; परंतु सह्याद्रीचा बराच भाग लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाला आणि त्याचे कडे-सुळके पाण्याने झीज होऊन घडले. तेव्हा काही डोंगर जमीन वर उचलली गेल्यामुळे झाले आणि काही भोवतालची जमीन वाहून गेल्यावर मागे उरले, असे सांगावे.