बोट नवी की जुनी ते नंतर, आधी सांगा चालवतं कोण?

ऑस्टिनहून एका वाचकाचं लांबलचक पत्र आलंय. त्यातला मुख्य भाग असा: "आमची 2013 ची एकवीस फुटी वेकबोर्ड बोट आहे, म्हणजे दोरी धरून फळीवर उभ्या राहिलेल्या माणसाला ओढणारी. कर्ज मागच्या मे महिन्यात फिटलं. इंजिनाचे साडेसहाशे तास झालेत, तक्रार काही नाही. पण मुलांना आता वेकसर्फिंग, म्हणजे दोरी सोडून बोटीच्या लाटेवरच फळीने खेळणं, करायचंय आणि आमच्या बोटीची लाट त्याला पुरत नाही. डीलर म्हणतो, आत्ता बदललीत तर जुनीला भाव चांगला येईल. नवीन चोवीस फुटी घ्यावी का? वर 1,20,000 डॉलर कर्ज काढावं लागेल, वीस वर्षांचं. मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल, मुलगा बारा वर्षांचा आहे. मंडळातल्या एका मित्राने नुकतीच घेतली. जूनमध्ये आई-बाबा येतायत, ते काय म्हणतील ही एक धास्ती. बायको म्हणते, तुम्हाला हवं ते करा. ती येते बोटीवर, पण तिला पाण्याची फार आवड नाही. डबे, टॉवेल, सनस्क्रीन सगळं तीच सांभाळते, म्हणून तर आमच्या ट्रिपा नीट होतात."

शेवटचं वाक्य तुम्ही कौतुकानेच लिहिलंय, हे मला कळतं. पण माझी गाडी तिथेच अडली. वहिनींना पोहता येतं का? पत्रात नाही. बोट सुरू करता येते का, धक्क्याला लावता येते का? तेही नाही. इंजिनाचे तास मात्र बरोब्बर आहेत!

आमच्या पिढीत मुलग्यांना पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलायचे आणि मुलींना काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसवायचे. आम्ही सांगलीकडच्या, कृष्णा हाकेच्या अंतरावर, तरी घरातल्या एकाही बाईला पोहता येत नव्हतं. तुम्ही एवढे समुद्र ओलांडून टेक्सासला गेलात, ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिस या तळ्यात बोट घातलीत, आणि वहिनी अजून कपडेच सांभाळतायत.

आता म्हणाल, मावशी, मी बोटीचं विचारलं. बोटीचंच सांगतेय. तुम्ही स्वतः फळीवर उभे राहता तेव्हा चाकावर कोण असतं? बहुधा सोळा वर्षांची लेक. टेक्सासात तिने बोटिंगचा कोर्स केला असेल, तर ते कायद्याला धरून आहे. पण ती पुढच्या ऑगस्टला हॉस्टेलवर जाणार. मग मुलगा पाण्यात, तुम्ही चाकावर, आणि मागे लक्ष ठेवायला वहिनी. मागे बघणारं कुणी नसलं तरी आरसा असला तर कायद्याचं समाधान होतं, माझं होत नाही. आणि तुम्हाला काही झालं तर?

माझी धाकटी नणंद मिशिगनला असते. त्यांची साधी पाँटून बोट होती, पोकळ नळ्यांवर तरंगणारी. ऐन तळ्यात नांगर ओढताना आमच्या मेहुण्यांची पाठ अशी धरली की त्यांना उठून बसता येईना. बोटीत नणंद, तिच्या सासूबाई, दोन नातवंडं आणि भरपूर पुऱ्या. किल्ली समोर होती, पण फिरवायची कशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्याने दोर बांधून ओढत नेलं. त्या हिवाळ्यात नणंदेने वायएमसीएत पोहण्याचा क्लास लावला, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. आता नातवंडांना ट्यूबवर तीच ओढते, आणि मेहुणे डबे उघडून देतात.

म्हणून माझं उत्तर: यंदा बोट बदलू नका. वहिनींना शिकायला ही जुनी, फिटलेली, दोन ओरखडे आधीच पडलेली बोटच बरी. तुमच्यासारखी इनबोर्ड बोट, म्हणजे इंजिन आत असलेली, मागे घेताना सुकाणूला फारशी जुमानत नाही, आपली एका बाजूला सरकत राहते; धक्क्याला लावायला शिकताना चार ठोकरा बसायच्याच. त्या जुनीला बसू द्या. चोवीस फुटी, चकचकीत, वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर असलेली बोट दारात आली, की वहिनींनी चाकाला हात लावला तरी तुमचा जीव वरखाली होईल. त्यांना ते दिसेल, आणि त्या मुकाट्याने पुन्हा टॉवेलांच्या घड्या घालतील. मी अशा पुष्कळ बायका पाहिल्यात.

शिकवताना तुम्ही गुरुजी होऊ नका. आमच्या ह्यांनी मला गाडी शिकवली तेव्हा आमचा संसार दोन आठवडे धोक्यात होता. टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ या सरकारी खात्याने मान्य केलेला कोर्स घरबसल्या करता येतो. सक्ती 1 सप्टेंबर 1993 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच आहे, पण वहिनींनी करावा आणि शेजारी बसून तुम्हीही करावा. मग मंगळवार-बुधवारी सकाळी, तळं रिकामं असताना, मुलांना घरी ठेवून दोघंच जा. आधी नुसती संथ चालवायची. पडलेल्या माणसाकडे गरकन वळायचं नाही, वेग उतरवून सावकाश जायचं आणि तो सतत चालवणाऱ्याच्या बाजूला दिसत राहील असं बघायचं. तो बोटीच्या मागच्या फळीवर चढताना इंजिन बंद, न्यूट्रलवर भागवायचं नाही. वेकबोर्डला ताशी वीस-बावीस मैल, सर्फिंगला दहा-अकरा. तुमच्या बोटीत वेग धरून ठेवायची सोय असेलच. पोहण्याचा क्लास यासोबतच लावा. लाइफ जॅकेट आहे ना, हे उत्तर मला देऊ नका.

सर्फिंगचं म्हणाल, तर बोटीच्या बाजूला व्हॅक्यूमने चिकटवायचा, लाटेला आकार देणारा वेक-शेपर काही शे डॉलरला मिळतो. एका कोपऱ्यात पाण्याच्या दोन पिशव्या भरून वजन टाका. नव्या बोटीसारखी लाट येणार नाही, पण बारा वर्षांच्या पोराला शिकायला भरपूर झाली. मात्र सर्फिंगमध्ये मूल बोटीच्या अगदी मागे असतं आणि एक्झॉस्टचा कार्बन मोनॉक्साइड तिथेच साचतो, तेव्हा इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कुणी लोंबकळत बसायचं नाही.

पैशांचं एका दमात सांगते. आठ टक्क्यांनी 1,20,000 डॉलर, वीस वर्षं: महिना हजाराच्या वर हप्ता, एकूण भरणार सुमारे 2,41,000. म्हणजे कर्जाइतकंच व्याज. शेवटचा हप्ता जाईल तेव्हा मुलगा बत्तिसाचा असेल. शिवाय ट्रॅव्हिसचा भरवसा काय? 2023 च्या दुष्काळात बोट पाण्यात उतरवायचे बहुतेक सार्वजनिक रॅम्प बंद होते. हप्ता तेव्हाही गेला असता. साडेसहाशे तास म्हणजे नीट राखलेल्या इंजिनाचं म्हातारपण मुळीच नाही. तेल आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचा इम्पेलर वेळेवर बदला, आणि थंडीआधी इंजिनाच्या ब्लॉकमधलं पाणी काढायला विसरू नका. फेब्रुवारी 2021 ची गोठवणारी थंडी टेक्सासात कुणी विसरलेलं नाही. डीलरचा "आत्ता" दर वर्षी असतो.

आई-बाबा सगळं रुपयांत मोजतील. मोजू द्या, चहा करून द्या.

राहता राहिला मित्र. एका रविवारी त्याच्या बोटीवर सगळे जा, पेट्रोलचे पैसे द्या, लाटेवर हवं तेवढं खेळा. आणि परतताना सहज म्हणा, "जरा हिला चालवायला दे." तो काय म्हणतो ते मला कळवा. त्याच्या बायकोला चालवता येते का, तेही विचारून ठेवा.