व्हिएन्नाचं सोनेरी नाणं : पैसे वजनाचे द्या, वाद्यांचे नको

प्रश्न : मी म्युनिकमध्ये नोकरी करतो. इथे 'व्हिएन्ना फिलहार्मोनिक' या वाद्यवृंदाच्या नावाचं सोन्याचं नाणं मिळतं. त्यावर १०० युरो छापलेत, दुकानदार मात्र कितीतरी पट मागतो. फसवतोय का?

उत्तर : नाही. ऑस्ट्रियात हे नाणं कायदेशीर चलन आहे, पण १०० युरोंचं बिल त्याने भागवणारा शहाणा मला अजून भेटलेला नाही. किंमत ठरते ती वजनावर आणि कसावर : १ औंस म्हणजे ३१.१०३ ग्रॅम, ९९९.९ कसाचं चोख सोनं. आपल्या जुन्या तोळ्यात सांगायचं तर पावणेतीन तोळ्यांना थोडं कमी. २००२ च्या आधीच्या नाण्यांवर २००० शिलिंग (ऑस्ट्रियाचं तेव्हाचं चलन) दिसेल. सोनं तेवढंच, त्यामुळे ती स्वस्त समजू नका की दुर्मीळ.

जर्मनीत अशा सोन्यावर व्हॅट नाही आणि वर्षभराहून जास्त सांभाळून विकलंत तर नफ्यावर करही नाही. खरेदीची तारीख असलेली पावती तेवढी जपून ठेवा.

प्रश्न : वाद्यांच्या सुंदर चित्रामुळे पुढे संग्राहक जादा भाव देतील ना?

उत्तर : ही आशा सोडा. थॉमस पेसेनडॉर्फर यांनी केलेलं हे चित्र १९८९ पासून तेच आहे, साल तेवढं बदलतं. एका बाजूला व्हिएन्नातल्या म्युझिकफेराइन या संगीतगृहाच्या सुवर्ण सभागृहातला ऑर्गन. दुसऱ्या बाजूला मधोमध चेलो आणि त्याच्या दोन्ही अंगांना व्हायोलिनं, हार्प, बासून, हॉर्न. तारा मोजता येतील इतकं नाजूक काम! (याच सभागृहात १९९० ची नववर्षाची मैफल आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबीन मेहतांनी चालवली होती.) पण ही नाणी मागणीप्रमाणे पाडतात. 'मर्यादित आवृत्ती'चं गाणं कोणी गायला लागलं, तर उठून या. अपवाद २००४ चा : हजार औंसांची, ३७ सेंटिमीटर व्यासाची, परातीएवढी १५ नाणी. ती तुमच्या-माझ्यासाठी नव्हती.

प्रश्न : एक औंसाचं एक घेऊ की दशांश औंसाची दहा?

उत्तर : सोनं सारखंच, पण नाणं पाडायचा खर्च दहादा. आपल्याकडे अर्ध्या ग्रॅमच्या नाण्यावर घडणावळ डोळ्यांत भरते, तसंच. अडीनडीला थोडं थोडं विकायचं असेल, तर पाव औंसाची घ्या.

प्रश्न : भाऊ व्हिएन्नाहून नागपूरला येतोय. त्याच्याकडून दोन मागवू का?

उत्तर : कशाला? कस्टम्सची शुल्कमाफी दागिन्यांना आहे, नाण्यांना नाही. घोषित करून शुल्क भरावं लागेल. एवढं करून विकायला गेलात की सराफ ऑर्गन बघणार नाही, मशीनवर कस बघेल, वजन करेल आणि मोडीचा भाव सांगेल. नागपुरात गुंतवणूकच करायची तर इथलंच हॉलमार्कचं नाणं पुरे.

प्रश्न : माझ्याकडे भेट आलेलं एक आहे. कडी लावून गळ्यात घातलं तर?

उत्तर : डाग देऊन (म्हणजे झाळून) कडी लावलीत की ते नाणं राहत नाही, मोड होते. शिवाय चोख सोनं मऊ असतं, साडीच्या पिनेनेही चरा पडतो. फारच हौस असेल तर सोनाराकडून नाण्याभोवती बसणारी, डाग न देता आवळता येणारी चौकट करून घ्या.