ताबा गेला, मोबदला कुठे?

प्रश्न: भूसंपादनात 20 लाखांच्या मोबदल्याचा निवाडा झाला, शेताचा ताबा घेऊन 2 वर्षं झाली. प्रांत कार्यालयात विचारलं की 'निधी आला नाही' म्हणतात.

ही सबब कायद्यात बसत नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्याचं कलम 38 सांगतं, आधी पूर्ण मोबदला, मग ताबा. उलटं झालं असेल तर कलम 80 नुसार ताब्यापासून वर्षभर 9 टक्के आणि पुढे 15 टक्के व्याज द्यावं लागतं. तुमचं आजवरचं व्याज 1 लाख 80 हजार अधिक 3 लाख, म्हणजे 4 लाख 80 हजार. हा हिशेब मांडून भूसंपादन अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, ताबा पावतीची प्रत जोडा आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. तोंडी मारलेल्या खेपांची नोंद कुठेच राहत नाही. तरीही पैसे आले नाहीत तर अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते.

प्रश्न: रक्कम फारच कमी आहे. नाकारू का?

नाकारू नका. मात्र सही करण्याआधी पावतीवर स्वतःच्या अक्षरात लिहा: 'वाढीव मोबदल्याचा हक्क राखून, हरकतीसह रक्कम स्वीकारली.' ही ओळ राहिली तर कलम 77 आडवं येतं आणि वाढीव मोबदला मागताच येत नाही. सहीच्या घाईत एवढंच लिहायचं राहून गेलेली माणसं भेटली की जीव तुटतो. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर वाढीव मोबदल्यासाठी कलम 64 चा अर्ज 6 आठवड्यांत करा. जमीन राष्ट्रीय महामार्गात गेली असेल तर दाद लवादाकडे मागायची.

प्रश्न: भावांच्या वाटणीच्या वादामुळे मोबदला अडलाय.

रक्कम प्राधिकरणाकडे, म्हणजे भूसंपादनाचे वाद सोडवणाऱ्या यंत्रणेकडे, जमा करण्याची लेखी मागणी करा. कुणाचा वाटा किती, ते तिथे ठरेल.

प्रश्न: कोर्टाने मोबदला वाढवला, पण 3 वर्षांत दमडी मिळाली नाही.

दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, कोर्टात दाखल करा; त्यासाठी 12 वर्षांची मुदत असते. जप्तीचं वॉरंट घेऊन बेलिफ सरकारी कार्यालयातल्या खुर्च्या आणि गाडीपर्यंत पोचल्यावर धनादेश निघाल्याची उदाहरणं आहेत.

प्रश्न: वडिलांच्या काळी संपादन न करताच शेतातून रस्ता नेला. आता उशीर झाला का?

हिमाचल प्रदेशातल्या एका वृद्ध विधवेची जमीन 1967-68 मध्ये अशीच रस्त्यासाठी घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तिला मोबदला द्यायला लावला. उशिराची सबब आणि सरकारचा प्रतिकूल ताब्याचा (दीर्घ ताब्यामुळे जमीन आपलीच झाली, असा) दावा, दोन्ही फेटाळले. वडिलांच्या नावचे जुने सातबारे आणि फेरफार आधी काढून घ्या.