कथा-कादंबऱ्यांतील श्रीमंतांचे वैभव नेहमी पोकळच का निघते?

आपण विचारले आहे की कथा-कादंबऱ्यांतील श्रीमंत माणसे बाहेरून वैभवात लोळणारी आणि आतून दिवाळखोर किंवा दुःखी अशीच का रंगवलेली असतात, आणि यामागे लेखकांची असूया असते की निरीक्षण. सुमार पुस्तकांपुरती आपली शंका रास्त आहे. वाचकाला दिलासा मिळावा म्हणून बंगल्यात राहणाऱ्याची झोप उडवणाऱ्या कथा ढिगाने लिहिल्या गेल्या आहेत, आणि त्यांतून ना श्रीमंतीविषयी काही कळते ना गरिबीविषयी. परंतु ज्या मोजक्या कादंबऱ्यांनी हा विषय खरोखर हाताळला आहे, त्यांचे म्हणणे ‘बडा घर पोकळ वासा’ एवढ्यावर संपत नाही. वासा पोकळ असूनही छप्पर इतकी वर्षे उभे कसे राहिले, त्याला खालून खांदा कोणी दिला आणि ते कोसळले तेव्हा कोण दबले, याचा त्या शोध घेतात. माझ्या मते हा शोध सर्वांत खोलवर घेतला आहे तो चार्ल्स डिकन्स यांच्या ‘लिटल डॉरिट’ने, म्हणून तिच्याच आधारे उत्तर देतो.

ही कादंबरी डिसेंबर १८५५ ते जून १८५७ या काळात मासिक हप्त्यांनी प्रसिद्ध झाली. तिचे दोन भाग आहेत. पहिल्याचे नाव ‘दारिद्र्य’ आणि दुसऱ्याचे ‘श्रीमंती’. तिच्यातील मर्डल हा लंडनचा सर्वांत मोठा धनिक. हे पात्र हवेतून आलेले नाही. जॉन सॅडलिअर नावाचा आयर्लंडमधील एक बँकर आणि पार्लमेंटचा सदस्य टिपेररीच्या बँकेचा पैसा बुडवून आणि खोटे दस्तऐवज करून फेब्रुवारी १८५६मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर विष घेऊन मेला; कादंबरीचे हप्ते तेव्हा सुरू होते. पुस्तक पुरे झाल्यावर लिहिलेल्या प्रस्तावनेत, मर्डल कोणाला अतिशयोक्त वाटत असेल तर त्याने लोक रेल्वेच्या शेअरांमागे धावत होते तो काळ आणि एक आयरिश बँक आठवावी, असे डिकन्स यांनी स्वतःच सुचवले आहे.

मर्डलचा धंदा नेमका काय, हे कादंबरीत कोणालाच ठाऊक नसते; तो पैसा पाडतो एवढेच सर्वांना माहीत असते. त्याच्या घरच्या मेजवानीला बडे वकील, बिशप, सरकारी खात्यांचे अधिकारी असे सगळे जमतात, आणि यजमान स्वतः मात्र जेमतेम दीड शिलिंगाचे अन्न पोटात ढकलतो. त्याची पत्नी दागिन्यांनी मढलेली असते. दागिने टांगायला काहीतरी हवे होते म्हणून त्याने हे लग्न केले, असे लेखक थेट सांगतो. मर्डलची एक लकब मला विसरता येत नाही. तो चालताना आपल्याच एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगट कोटाच्या बाहीआड धरून ठेवतो, जणू स्वतःला स्वतःच अटक करून नेत आहे. आणि ज्याच्या दारात मंत्री येतात तो हा माणूस स्वतःच्या घरात कोणाला घाबरत असेल, तर आपल्या मुख्य बटलरला. त्या बटलरची नजर पडली की मर्डल चोरासारखा अंग आखडून घेतो. श्रीमंत घर कसे दिसायला हवे, ताटे कशी लागायला हवीत, मालकाने बसावे कसे आणि बोलावे कसे, हे त्या घरात खऱ्या अर्थाने एकट्या बटलरला कळते, आणि आपण त्या मापात बसत नाही हे त्याने ओळखले आहे अशी धास्ती मर्डलला सतत असते.

मर्डलच्या सोंगाला बळी पडणारे लोक मूर्ख आहेत असे डिकन्स कोठेही म्हणत नाहीत, आणि मला ही या कादंबरीची मोठी ताकद वाटते. बिशपला धर्मकार्यासाठी देणगी हवी आहे, वकिलाला आपल्या बढतीसाठी त्याची ओळख हवी आहे, सत्ताधाऱ्यांना पार्लमेंटमध्ये त्याची मते हवी आहेत. मर्डल खरा निघावा ही त्या प्रत्येकाची गरज आहे. तेथून हा विश्वास साथीच्या रोगासारखा खाली उतरतो आणि कष्टकऱ्यांच्या एका गरीब वस्तीपर्यंत पोहोचतो. त्या वस्तीतील भाडे गोळा करणारा पँक्स हा हिशोबात पक्का आणि मनाने सरळ माणूस. मीच आकडेमोड केली आहे, गुंतवणूक सुरक्षित आहे, असे तो नायक आर्थर क्लेनमला सांगतो आणि स्वतःची हजार पौंडांची पुंजीही तेथेच गुंतवतो. त्याच्या शब्दावर विसंबून क्लेनम आपल्या व्यवसायाचा पैसा मर्डलच्या हवाली करतो. तो पैसा एकट्या क्लेनमचा नसतो; त्याचा भागीदार डॉइस या कारागिराच्या आयुष्यभराच्या मेहनतीचा त्यात वाटा असतो.

एका संध्याकाळी मर्डल आपल्या सुनेकडे जातो आणि जाताना तिच्याकडून पेन तासण्याचा लहान चाकू मागून घेतो. ती शिंपल्याच्या मुठीचा चाकू देऊ लागते, तेव्हा गडद मुठीचा असेल तर बरे, असे तो म्हणतो. ती कासवाच्या पाठीच्या मुठीचा चाकू देते आणि त्याला शाई लागू देऊ नका, असे बजावते. शाई लागणार नाही, अशी हमी देऊन तो निघून जातो आणि त्याच रात्री एका सार्वजनिक स्नानगृहात त्याच चाकूने जीव देतो. सकाळी गावभर चर्चा सुरू होते की कामाच्या अति ताणाने गेला, आणि त्या ताणावर सगळे शहर एकमेकांना उपदेश करू लागते. दिवस चढता चढता खरी बातमी फुटते: मर्डलला कोणताही आजार नव्हता, जे होते ते खोटे दस्तऐवज आणि चोरी. मृत्यूची खबर घेऊन रात्रीच आलेल्या डॉक्टरला बटलर शांतपणे सांगतो की हा माणूस कधी खानदानी नव्हताच, त्यामुळे त्याच्या कोणत्याही कृत्याचे मला आश्चर्य वाटणार नाही. आणि तो नोकरी सोडतो. बटलरला दुसरे घर मिळेल. क्लेनमची रवानगी मात्र मार्शलसी या कर्जदारांच्या तुरुंगात होते.

मर्डलपेक्षाही मला विल्यम डॉरिट महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या बाबतीत दिसणे आणि असणे यांतले अंतर माणसाच्या आत कसे मुरते ते कळते. डॉरिट कर्जापायी वीस वर्षांहून अधिक काळ मार्शलसीत काढतो, पण वागतो जुन्या घरंदाज गृहस्थासारखा. कैदी त्याला ‘मार्शलसीचे वडील’ म्हणतात आणि सुटून जाताना त्याच्या हातात एखादे नाणे ठेवतात. तो ते भीक म्हणून घेत नाही, मानाची भेट म्हणून स्वीकारतो. एकदा एक गवंडी सुटून जाताना गरिबीमुळे तांब्याच्या नाण्यांची लहानशी चवड त्याच्या हातात ठेवतो. थोडे आहे, पण मनापासून आहे, असे म्हणतो. डॉरिटला आजवर कोणी तांब्याची नाणी दिलेली नसतात. ‘तुझी हिंमत कशी झाली’ एवढेच तो म्हणतो आणि रडू लागतो. तेव्हा तो गवंडी त्याला अलगद भिंतीकडे वळवतो, म्हणजे इतरांना त्याचा चेहरा दिसू नये. इतके नाजूक सौजन्य त्या कादंबरीतील एकाही श्रीमंत दिवाणखान्यात आढळत नाही.

डॉरिटचे हे सोंग चालते ते त्याची धाकटी मुलगी एमी हिच्या कष्टावर. ती बाहेर शिवणकाम करते, कामावर मिळालेले जेवण स्वतः न खाता घरी आणून वडिलांपुढे ठेवते. मुली पोटासाठी काम करतात हे वडिलांना माहीतच नाही, असे सगळे कुटुंब मिळून धरून चालते. पुढे अनपेक्षित वारसा मिळून डॉरिट खरोखर श्रीमंत होतो. आता दिसणे आणि असणे एक व्हायला हवे होते, पण अंतर उलट वाढते. आपल्या नोकरांना तुरुंगाचा सुगावा लागला आहे या संशयाने तो त्यांच्या नजरा चुकवू लागतो, अगदी मर्डलसारखाच. तुरुंगरक्षकाचा मुलगा जुन्या ओढीने सिगारींचा जुडगा घेऊन हॉटेलात भेटायला येतो, तर डॉरिट त्याची गचांडी धरतो. मग विरघळतो आणि जुन्या सोबत्यांसाठी शंभर पौंडांचा चेक लिहून देतो. अखेर रोममध्ये मर्डलबाईंच्या मेजवानीत, उंची कपड्यांतील पाहुण्यांसमोर, त्याचे भान हरपते. तो उभा राहतो आणि जमलेल्या सर्वांचे मार्शलसीत स्वागत करतो.

आता असूयेविषयी. डिकन्स बारा वर्षांचे असताना, १८२४मध्ये, त्यांच्या वडिलांना कर्जापायी याच मार्शलसीत ठेवले गेले होते आणि लहानग्या चार्ल्सला बूट-पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना लेबले लावावी लागत होती. ही गोष्ट त्यांनी वाचकांपासून जन्मभर लपवली. ती उघड झाली ती १८७०मध्ये त्यांच्या निधनानंतर, त्यांचे मित्र जॉन फॉर्स्टर यांनी लिहिलेल्या चरित्रातून. १८५६मध्ये, हीच कादंबरी लिहीत असताना, त्यांनी केंटमधील गॅड्स हिल प्लेस हा बंगला विकत घेतला, जो लहानपणी वडिलांचे बोट धरून जाताना त्यांनी डोळे भरून पाहिला होता. म्हणजे डॉरिटची भीती लिहिणारा माणूस स्वतः सधन होता, प्रसिद्ध होता आणि तेच गुपित छातीशी धरून बसला होता. ज्याला मत्सर वाटतो त्याला असा डॉरिट लिहिता येणार नाही, असे मला ठामपणे वाटते.

आपल्याकडे महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकात असेच काही दिसते, मात्र तेथे कोणी लबाड नाही. विदर्भातील धरणगावच्या देशपांड्यांची जमीनदारी सरली आहे, अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर उभा आहे, तरीही घरातील वडील तात्याजी वारल्यावर त्यांचे दिवसकार्य गावात शोभेल असेच व्हायला हवे, हा आग्रह सुटत नाही. तेथेही मोठेपणाची किंमत घरातलेच मोजतात: मुलगा चंदू गड्यासारखा राबतो, मुलगी प्रभाचे शिक्षण थांबवले जाते, आणि थोरली सून वहिनी अंगावर दागिने घालून उभी राहते तो प्रवेश वाचताना आजही गलबलून येते.

‘लिटल डॉरिट’ जाडजूड आहे आणि क्लेनम घराण्याच्या गुपिताचे कथानक मला स्वतःला कृत्रिम वाटते. तेवढ्यासाठी ती टाळू नये. वेळ कमी असेल तर पहिल्या भागातील सहावे आणि एकविसावे, तसेच दुसऱ्या भागातील एकोणिसावे, चोविसावे आणि पंचविसावे ही प्रकरणे आधी वाचावीत. गवंड्याची नाणी, मर्डलची मेजवानी, रोम, चाकू आणि बटलर या क्रमाने तेथे येतात.