स्ट्रिपवर पुसट रेघ आली, लग्न झालेलं नाही. डॉक्टर घरी कळवतील का?

तू लिहिलंयस की वय 22 आहे, पुण्यात हॉस्टेलवर राहतेस, पाळी आठ दिवस चुकली आणि गरोदरपणाच्या तपासणीच्या स्ट्रिपवर दुसरी रेघ पुसटशी आली. मी वयाने मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते.

पाच मिनिटांच्या आत उमटलेली रेघ कितीही पुसट असली तरी दिवस गेलेत असंच धरून चाल. सुरुवातीला लघवीत एचसीजी, म्हणजे दिवस गेल्यावर शरीरात तयार होणारं संप्रेरक, कमी असतं, म्हणून ती फिकी दिसते. तासाभराने दिसलेली रेघ मात्र धरू नकोस. दोन दिवसांनी सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा तपास.

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंध आला त्या दिवसापासून नाही. तुझी पाळी 28 दिवसांनी येत असेल तर आज पाच आठवडे आणि एक दिवस झाला. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत करता येतो, म्हणजे विचार करायला वेळ आहे.

माझा वेळ सहीपायी गेला. मुलगा अकरा महिन्यांचा होता, अंगावर पीत होता, पाळी धड सुरूही झाली नव्हती. सोनोग्राफीत सात आठवडे निघाले. इतक्यात दुसरं मूल मला झेपणार नव्हतं. त्या दवाखान्यात सांगितलं, नवऱ्याची सही आणा. तो कामासाठी परराज्यात होता, मी पाच दिवस त्याची वाट बघत बसले. मग दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की अशी अटच नाही. माझ्या एकटीच्या सहीवर काम झालं. त्या पाच दिवसांचा राग अजून गेलेला नाही.

गर्भपाताचा कायदा 1971 चा आहे, 2021 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. 18 पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची लेखी संमती पुरते. नवरा, आईवडील, जोडीदार, कुणाचीच सही लागत नाही. गर्भनिरोधक साधन फसल्याच्या कलमात आधी 'विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा' असं होतं, आता 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' आहे. वीस आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचं मत लागतं. लग्न न झालेल्या बाईला वेगळा न्याय लावता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलंय. आणि तुझं नाव डॉक्टरने भलत्याला सांगितलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा घरी कळवायचा प्रश्नच येत नाही. कुणी सही मागितली तर वाद घालत बसू नकोस, सरळ दुसरीकडे जा.

मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नकोस, हे हात जोडून सांगते. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनळीत असेल तर त्या गोळ्या त्यावर चालत नाहीत आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. म्हणून आधी सोनोग्राफी.

मूल ठेवायचं मनात असेल तर फॉलिक अॅसिड आजपासून सुरू कर. जन्म देऊन दत्तक द्यायचं असेल तर बाल कल्याण समितीपुढे बाळ सोपवता येतं, आणि मन बदललं तर परत घ्यायला 60 दिवस मिळतात. यातलं काय करायचं ते तुझं तू ठरव. मी काय केलं त्यावरून ठरवू नकोस.

सोनोग्राफीला एखादी मैत्रीण बरोबर ने. त्याआधीच पोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली किंवा रक्त जायला लागलं, तर उजाडायची वाट बघू नकोस, रात्रीच दवाखाना गाठ.