‘थोडं गरम’ म्हणजे ‘चालत नाही’ नव्हे

ताई, तुमच्या राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत निम्म्याहून जास्त मुलांनी फॉर्मवर ‘थोडं गरम’वर खूण केली आणि मालक एसीची ऑर्डर द्यायला निघालेत, हे वाचलं. आधी त्यांना थांबवा. मी नेमका इथंच फसलोय.

माझी अभ्यासिका शाहूपुरीत, वरच्या मजल्यावर. एप्रिलमध्ये मुलांकडून ‘खूप थंड’ ते ‘खूप गरम’ अशी सात पायऱ्यांची पट्टी भरून घेतली. बहुतेकांचं उत्तर ‘थोडं गरम’. ते कागद घेऊन एका सल्लागार कार्यालयात गेलो. त्यांनी खोलीत पाऊल न टाकता दोन एसी लिहून दिले. एकानंही विचारलं नाही, की मुलं बसतात कुठं, त्रास होतो कधी. कर्ज काढून एसी बसवले. आठवड्यात एसीखालची मुलगी कानाला स्कार्फ गुंडाळून बसायला लागली, आणि पश्चिमेच्या भिंतीलगतची पोरं घाम पुसतच होती. आजही राग येतो.

मग दोन दिवस एसी बंद ठेवून वेगळा प्रश्न विचारला: ‘आत्ता आहे ते चालतंय का? हो की नाही?’ ‘थोडं गरम’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी ‘हो’ लिहिलं. ‘नाही’वाले जवळजवळ सगळे त्या एकाच रांगेतले, तेही संध्याकाळी सहानंतरचे. दिवसभर तापलेला स्लॅब तेव्हा धग खाली सोडतो. स्टुलावर चढून छताला हात लावला, तर चटका बसला. भिंतीवरचा थर्मामीटर नुसती हवा मोजतो, त्याला ही धग कळत नाही. शेवटी गच्चीला पांढरा चुना आणि त्या रांगेवर दोन पंखे, एवढ्यावर भागलं.

मी इंजिनिअर नाही, तुमची इमारत वेगळी असेल. पण सगळ्यांना खूश करायच्या मागे लागू नका. अ‍ॅश्रे ५५ या खोलीतल्या गारव्या-उकाड्याच्या अमेरिकन मानकातसुद्धा ८० टक्के लोकांना चाललं की पुरे धरतात, आणि किती लोक नाराज राहतील याचा अंदाज बांधणाऱ्या, फँगर या डॅनिश संशोधकाच्या गणितात सगळं जमून आलं तरी ५ टक्के नाराज राहतातच. ती नाराज मुलं कुठं बसतात, हे मात्र जागेच्या नंबरासकट लिहून घ्या.

हात वर करायला लावू नका, मालकासमोर कोणी खरं बोलत नाही. जिना चढून आल्या आल्या विचारू नका, पंधरा-वीस मिनिटं बसू द्या. आणि वळीव पडून गेल्यावर तर फॉर्म वाटूच नका. त्या संध्याकाळी सगळेच ‘हो’ लिहितात.