मुलांबरोबर खेळण्यासाठी एवढे शिक्षण कशाला?

पत्राचा आशय : माझी मुलगी मानसशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला शाळांमध्ये प्ले थेरपिस्ट, म्हणजे खेळातून मुलांवर मानसिक उपचार करणारी तज्ज्ञ, म्हणून काम करायचे आहे. लहान मुलांत ती रमते हे खरे. परंतु मुलांबरोबर खेळण्यासाठी आणखी तीन-चार वर्षे शिकावे लागते, हे मला पटत नाही. एखादा तीन महिन्यांचा कोर्स करून तिने कामाला लागावे का? – एक वडील

सप्रेम नमस्कार,

आपण मनातले सरळ विचारलेत हे बरे केले, कारण हाच प्रश्न अनेक पालक आडवळणाने विचारतात. या कामात खेळते ते मूल. थेरपिस्ट बहुतेक वेळ जवळ बसून पाहतो, ऐकतो, मुलाने बोलावले तरच खेळात उतरतो आणि शिकवण्याचा, सुचवण्याचा, शाबासकी देण्याचा मोह आवरतो. शिक्षणाचा मोठा भाग या आवरण्यासाठीच लागतो.

साधारण तीन ते बारा वर्षांच्या मुलाला भीती, राग किंवा अपराधीपणा जाणवतो, परंतु तो सांगण्याएवढे शब्द त्याच्यापाशी नसतात; ते तो खेळातून सांगतो. अ‍ॅना फ्रॉइड आणि मेलानी क्लाइन या बालमनोविश्लेषकांनी १९२० च्या दशकात खेळाकडे याच दृष्टीने पाहिले, जरी खेळाचा अर्थ कसा लावावा यावरून त्या दोघींचे पटले नाही. मार्गारेट लोवेनफेल्ड या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी मनातले मांडण्यासाठी वाळूचा ट्रे आणि छोट्या प्रतिकृती मुलांच्या हाती दिल्या, तर समुपदेशनात व्यक्तीलाच केंद्रस्थानी ठेवणारे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारपरंपरेतील व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४७ साली आपल्या पुस्तकात मूल पुढे आणि थेरपिस्ट त्याच्या मागे, ही पद्धत नीट मांडली. शाळांतील कामावर आजही या शेवटच्या पद्धतीचा ठसा मोठा आहे.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. वर्गात अजिबात न बोलणारी सहा वर्षांची मुलगी बाहुल्या ओळीने बसवते, एकीची वही काढून घेते आणि तिला भिंतीकडे तोंड करून बसवते. आपण किंवा मी असतो, तर पटकन विचारले असते, "तुझ्या बाई तुला असं करतात का?" तयार थेरपिस्ट एवढेच म्हणतो, "हिला भिंतीकडे तोंड करून बसावं लागलंय." पहिल्या प्रश्नाने मूल गप्प होते किंवा मोठ्यांना हवे असलेले उत्तर देते, आणि पुढे खरोखरच छळाचा संशय आला, तर अशा सूचक प्रश्नांमुळे मुलाच्या सांगण्यावरचा विश्वासही डळमळतो. दुसऱ्या वाक्याने खेळ चालू राहतो. कदाचित तिसऱ्या आठवड्यात ती बाहुली थोडी वळवली जाईल, कदाचित वळवली जाणारही नाही.

याचा अर्थ तेथे काहीही चालते असे नाही. मुलाने लाकडी ठोकळा उगारला, तर आधी त्याचा राग ओळखून तो शब्दांत सांगायचा, मग मर्यादा सांगायची आणि लगेच पर्याय दाखवायचा : "तुला माझा खूप राग आलाय. पण मी मारण्यासाठी नाही. ती उशी मारण्यासाठी आहे." ही तीन वाक्ये कागदावर सोपी दिसतात, अंगावर ठोकळा येत असताना शांत आवाजात म्हणता येण्यासाठी सराव लागतो.

शाळेतील अडचणी याहून निराळ्या, आणि त्यांविषयी अभ्यासक्रमात फारसे कोणी बोलत नाही. खेळणी दर आठवड्याला त्याच जागी सापडली पाहिजेत, कारण त्या ओळखीवर मुलाचा भरवसा बसतो. शाळा मात्र जी खोली देते, तिच्यात कधी परीक्षेचे गठ्ठे येऊन पडतात. मुलाला त्याच्या आवडत्या तासातून उठवून आणले, तर ती त्याला शिक्षाच वाटते. सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे शिक्षकांशी असलेले नाते. "आज दंगा केलास, आता खेळायला जायचं नाही," असे एखादे शिक्षक सहज बोलून जातात आणि उपचार बक्षिसाच्या यादीत जाऊन बसतो. जिन्यात कोणी विचारते, "काय सांगितलं त्याने?" मुलाचे खासगीपण जपून, तरीही शिक्षकांना वर्गात उपयोगी पडेल असे काहीतरी देणे आणि मुलाच्या सुरक्षिततेला धोका दिसला तर मात्र गुप्तता बाजूला ठेवून ठरलेल्या व्यक्तीला लगेच कळवणे, ही तारेवरची कसरत रोज करावी लागते. माझ्या मते या पेशातले निम्मे कौशल्य खेळाच्या खोलीबाहेर पणाला लागते.

आता कोर्सविषयी. तीन महिन्यांचा कोर्स ओळख करून घ्यायला चांगला, आणि शिक्षकांसाठी तर उपयुक्तच; त्याच्या बळावर उपचार करू नयेत. नियम देशागणिक बदलतात, तरी दिशा कळावी म्हणून सांगतो : अमेरिकेत १९८२ साली स्थापन झालेली असोसिएशन फॉर प्ले थेरपी ही संस्था नोंदणीसाठी आधी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील पदव्युत्तर पदवी आणि व्यवसायाचा परवाना पाहते, आणि त्यावर खेळोपचाराचे वेगळे प्रशिक्षण व सुपरव्हिजनखाली, म्हणजे अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, केलेले काम मागते. आपल्या मुलीनेही समुपदेशन, बालमानसशास्त्र किंवा समाजकार्य यांत पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. प्रवेश घेण्यापूर्वी एकच प्रश्न आवर्जून विचारावा : प्रत्यक्ष मुलांबरोबर काम किती तास आणि ते तपासणार कोण? उत्तर मोघम आले तर संस्था बदलावी. पुष्कळ शाळांत स्वतंत्र प्ले थेरपिस्टचे पद नसते, म्हणून सुरुवात शालेय समुपदेशक म्हणून होण्याची शक्यता अधिक आहे; त्यात कमीपणा नाही.

तोवर खर्चाविना करता येण्याजोगे एक काम आहे. तिने एखाद्या बालवर्गात परवानगी घेऊन दहा दिवस रोज अर्धा तास एकाच मुलाचा खेळ पाहावा आणि जे दिसले तेवढेच वहीत लिहावे. "हट्टी", "लाजरा", "भांडखोर" हे शब्द पहिल्या दिवशी किती आले आणि दहाव्या दिवशी किती, हे आपण दोघांनी बसून मोजावे. प्रवेश अर्ज त्यानंतर भरला तरी चालेल.

आपला,
करिअर मार्गदर्शक